जावयापासून सुरुवात करा: पर्सनॅलिटी टाइप वापरून कथेतली पात्रं कशी उभी करायची

दोन वर्षांपूर्वी मी एका दिवाळी अंकाला कथा पाठवली होती, जूनमध्येच, म्हणजे अगदी वेळेत वगैरे, आणि ती परत आली. परत येण्याचं काही नाही, सवय आहे, पण संपादकांनी फोन करून जे सांगितलं ते डोक्यात बसलं. म्हणाले, कथा बरी आहे हो, पण घरातली पाचही माणसं तुमच्यासारखीच बोलतात, सासू पण तुम्हीच आणि सून पण तुम्हीच. राग आला, खोटं कशाला बोलू. मग दोन दिवसांनी कथा उघडून वाचली तर खरंच, सत्तर वर्षांची म्हातारी खिडकीतून पाऊस बघत जे काय बोलत होती ते सगळं मी ऑफिसच्या बसमध्ये मनातल्या मनात बोलते तेच होतं.

मग मी काय केलं, तर ती सोळा टाइपवाली फुकट टेस्ट असते ना ऑनलाइन, ती पाचही पात्रांच्या वतीने दिली. एकेकाचे साठेक प्रश्न, अख्खा रविवार गेला, दुपारचा चहा पण राहिला. पाचपैकी चार जणांचा टाइप आला आयएनएफपी (सोळांपैकी एकाचं चार अक्षरी नाव, अक्षरांचे अर्थ पुढे सांगते). माझा टाइप कुठला ते आता सांगायला नको.

कारण साधं आहे, फॉर्म पात्राचा असला तरी भरणारा हात आपलाच असतो. ‘तुम्हाला गर्दीत कंटाळा येतो का’ असं विचारलं की आपण पात्राच्या नावाने आपलंच उत्तर टिकमार्क करतो आणि आपल्याला ते कळत पण नाही. त्यानंतर बरीच उलटसुलट करून मी एक पद्धत बसवली, ती मला तरी चालते म्हणून इथे लिहितेय. थोडक्यात अशी की टाइप एकट्या पात्राला लावायचाच नाही, दोघांना एकदम लावायचा आणि मग त्या दोघांमध्ये जे अंतर पडतं त्यात कथा शोधायची.

आणि हे काही माझं डोकं नाही, त्या चार अक्षरांचा उगमच असा आहे. कॅथरीन ब्रिग्ज म्हणून एक अमेरिकन बाई होत्या. १९१७ च्या सुमारास त्यांच्या मुलीने, इझाबेलने, क्लॅरन्स मायर्स नावाचा मुलगा पसंत केला. घरातले सगळे कल्पनेत रमणारे आणि हा होणारा जावई एकदम व्यवहारी, तपशिलाला धरून चालणारा. आपल्याकडे जावयाला दशमग्रह म्हणून लोक मोकळे होतात, पण या सासूबाईंनी हा आपल्यापेक्षा इतका वेगळा कसा याचा अभ्यासच सुरू केला. पुढे स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांचं टाइपांवरचं जर्मन पुस्तक १९२१ मध्ये आलं, १९२३ मध्ये ते इंग्रजीत आलं, बाईंना त्यात आपल्या विचाराला नीट चौकट सापडली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुलीने त्या सगळ्याची प्रश्नावली बनवली. मायलेकींपैकी कोणीच मानसशास्त्र रीतसर शिकलेलं नव्हतं. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की इझाबेलबाईंनी त्याच्या आधी चक्क रहस्यकथा लिहिली होती, कादंबरी, तिला स्पर्धेत बक्षीस पण मिळालं होतं. म्हणजे हे हत्यार मुळातच एका कथा लिहिणाऱ्या बाईच्या हातचं आहे, आणि त्याची सुरुवात ‘हा माणूस कसा आहे’ इथून झालेली नाही, ‘हा माणूस आमच्यापेक्षा वेगळा का’ इथून झालीय.

शास्त्र म्हणून ते कितपत पक्कं यावर मानसशास्त्रवाले नाक मुरडतात आणि त्यांचं बरोबर आहे. बऱ्याच जणांनी काही आठवड्यांनी परत टेस्ट दिली की अक्षर बदलतं, कारण बहुतेक माणसं अधेमधेच असतात आणि ही टेस्ट मधोमध सुरी चालवून त्यांना इकडे नाहीतर तिकडे टाकते. नोकरीवर घेताना किंवा लग्न जमवताना मी तरी हे वापरणार नाही, त्यासाठी पत्रिका आहेच, तिच्यात आणखी चार अक्षरांची भर कशाला. व्यक्ती तितक्या प्रकृती हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण कागदावर माणूस उभा करताना कुठूनतरी धागा ओढायला सुरुवात करावी लागते, तेवढ्यापुरतं हे उत्तम.

चार अक्षरं पटकन

बहुतेकांना माहीत असतात म्हणून फार वेळ घालवत नाही, फक्त लेखकाच्या कामाचं काय ते सांगते. पहिली जोडी ई आणि आय, म्हणजे बहिर्मुख आणि अंतर्मुख. ही लाजाळू की बडबडी अशी धरू नका, ई म्हणजे बोलता बोलता विचार करणारा, त्याचं वाक्य सुरू होतं तेव्हा ते कुठे संपणार हे त्यालाच माहीत नसतं, आणि आयचं वाक्य बाहेर येईपर्यंत आत दोनदा खोडून झालेलं असतं. नुसता एवढा फरक संवादात आला तरी निम्मं काम होतं. दुसरी एस आणि एन, खोलीत शिरल्यावर एसला वस्तू दिसतात, त्यांची संख्या, त्यांचा पोपडा, आणि एनला त्या वस्तूंवरून काहीतरी तिसरंच आठवतं. तिसरी टी आणि एफ, निर्णय घ्यायची वेळ आली की ‘बरोबर काय’ आधी येतं की ‘कोणाला काय वाटेल’ ते. इथे एक सूचना, टीवाल्याला दगड करू नका, मराठी कथांमध्ये हिशोबी माणूस म्हणजे आपोआप कोरडा माणूस असं होऊन बसलंय. चौथी जे आणि पी, एकाला गोष्ट संपवल्याशिवाय झोप लागत नाही आणि दुसऱ्याला संपवावी असं वाटतच नाही.

आता माळ्यावर चला

परत आलेली ती कथा अशी होती. वाईचं जुनं घर, सासूबाई (त्या कथेत फक्त आठवणींत येतात) जाऊन सव्वा महिना झालाय, दोन जावा माळ्यावरची भांडी काढतायत. थोरली सुनंदा, धाकटी वैशाली. घर रिकामं करायचंय, संध्याकाळी पाचला टेम्पो येणार आहे. माझ्या पहिल्या खर्ड्यात त्या असं बोलत होत्या:

“वहिनी, या भांड्यांमध्ये आईंचं अख्खं आयुष्य आहे.”

“हो गं वैशाली, प्रत्येक भांडं काहीतरी सांगतंय.”

आता हसू येतं. तेव्हा मला हे फार छान वाटलं होतं.

मग एक वहीचं पान घेतलं, मधोमध रेघ मारली, डावीकडे सुनंदा, उजवीकडे वैशाली. सुनंदाला आयएसटीजे दिलं, वैशालीला ईएनएफपी, चारही अक्षरं मुद्दाम उलटी. तुम्ही पण पहिल्यांदा करताना चारही उलटी घ्या, नंतर जमलं की एखादंच अक्षर वेगळं ठेवून बघा, ते जास्त अवघड असतं आणि जास्त खरं पण वाटतं, कारण सख्खी माणसं बऱ्याचदा तीन अक्षरांत सारखी असतात आणि चौथ्यावर आयुष्यभर भांडतात.

पानावर टेस्टचे प्रश्न अजिबात लिहिले नाहीत. पाचच प्रश्न लिहिले. माळ्यावर डोकं वर काढल्याबरोबर हिला पहिलं काय दिसतं? ही गप्प कधी होते? वाईट बातमी आली की हिचे हात काय करतात? कुठलं काम ही पुढे ढकलते? आणि हिला लाज कशाची वाटते? हे दोघींसाठी एकाच वेळी भरायचं, आधी एकीचं सगळं आणि मग दुसरीचं असं नाही, एकेका प्रश्नाची दोन उत्तरं शेजारी शेजारी. दोन्हीकडे सारखं उत्तर येतंय असं दिसलं की थांबायचं, तिथे तुम्ही स्वतः घुसलेल्या असता.

सुनंदाला दिसलं की पराती दोनच आहेत आणि तीन असायला हव्यात. वैशालीला दिसलं की भांडी ज्या वर्तमानपत्रात गुंडाळलीत तो पेपर जुना आहे आणि त्यात सिनेमाच्या जाहिराती आहेत, ती तिथेच फतकल मारून वाचत बसली. सुनंदाचे हात बातमी आली की काहीतरी घासायला, पुसायला लागतात, वैशालीचे हात फोन शोधतात, कोणाला तरी सांगायला. बस, मग संवाद जवळजवळ आपोआप आला:

“पराती दोन. लिहिल्या. तिसरी कुठेय?”

“वहिनी, हिच्यातच आई पुरणाची कणीक तिंबायच्या ना, होळीला, तेलाचा हात लावून लावून, मी फोटो काढला होता, थांबा हं, मोबाईलमध्ये असेल…”

“वैशाली, तिसरी परात.”

“अहो ती मी नेली होती मागच्या गणपतीत, मोदकांच्या उकडीला, सांगायचं राहूनच गेलं.”

“कधी?”

“कधी म्हणजे? गणपतीत.”

सुनंदाने वहीत लिहिलं, परात, तीन. एक वैशालीकडे.

बघा, इथे कोणी कोणावर चिडलेलं नाही, आवाज चढलेला नाही, पण त्या ‘एक वैशालीकडे’मध्ये काय ते आहे. आणि नावं काढून टाकली तरी कुठलं वाक्य कोणाचं हे कळतं. हे झालं टाइपाचं पहिलं काम. मला वाटतं निम्मे लोक इथेच थांबतात आणि मग त्यांची पात्रं वेगवेगळी असतात पण चावीवरच्या खेळण्यासारखी, थोरली सतत मोजतेय, धाकटी सतत किलबिलतेय, दहा पानं तेच.

मोजते ते ठीक, पण का मोजते

इथे मी चार अक्षरं बाजूला ठेवते आणि एनिअग्रामकडे जाते. नऊ टाइपवालं ते, वर्तुळातली नऊ टोकांची आकृती, बोलिव्हियाचे ऑस्कर इचासो आणि चिलीचे क्लॉडिओ नारान्हो यांनी साठ-सत्तरच्या दशकात त्याला आजचं रूप दिलं. त्याला शास्त्राचा आधार आणखीनच कमी, पण लेखकासाठी त्यात एक भारी गोष्ट आहे, प्रत्येक टाइपाच्या मुळाशी एक भीती ठेवलेली असते. पहिल्याला आपल्यात खोट निघेल, आपण चूक ठरू याची भीती. दुसऱ्याला आपण कोणाला नको असू याची. सातव्याला दुःखात अडकून पडायची, म्हणून तो सतत पुढच्या गमतीकडे पळतो. सगळे नऊ पाठ करत बसू नका, वाचताना ज्या भीतीला पोटात गोळा येईल ती उचला.

सुनंदाला मी पहिला टाइप दिला. मग विचार करत बसले की हिला चूक ठरायची एवढी भीती कशाने बसली असेल. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी घरातलं चांदीचं फुलपात्र हरवलं. कोणी काही बोललं नाही, सासूबाई तर अजिबात नाहीत, पण दोन दिवस सगळे आपापल्या जागी जरा जास्तच गप्प होते आणि नवीन फक्त हीच होती. तेव्हापासून ती मोजते. लग्नाकार्यात, गणपतीत, कुठेही, जाताना मोजते आणि येताना मोजते, म्हणजे कोणी विचारायच्या आत उत्तर तयार.

आता तुम्हीच सांगा, ही बाई तुम्हाला कंजूस वाटते का? मला पहिल्या खर्ड्यात वाटत होती, आणि वाचणाऱ्यालाही वाटली असणार. भांडी मोजणारी बाई तीच, पण आळ येईल म्हणून मोजणारी वेगळी, वाटणीत आपल्याला कमी येईल म्हणून मोजणारी वेगळी, आणि तिसरी एक असते जिला सासू गेल्यावर काय करावं सुचत नाही आणि मोजायला घेतलं की निदान हाताला काम मिळतं. बाहेरून तिघी सारख्याच दिसतात. नुसत्या चार अक्षरांत तिघी आयएसटीजे निघतील, म्हणून ती अक्षरं एकटी पुरत नाहीत.

वैशालीला सातवा दिला आणि माझी मलाच ती नव्याने कळली. ती जुने पेपर वाचतेय, फोटो दाखवतेय, आईंची नक्कल करतेय, कारण गप्प बसली तर रडू येणार आहे आणि एकदा आलं की थांबणार नाही हे तिला माहितीय. मग मी तिची किलबिल तशीच ठेवली, फक्त एका जागी, सासूबाईंचा चष्मा सापडतो तिथे, तिचं वाक्य अर्धं तोडलं आणि पुढे तीन ओळी तिला काहीच दिलं नाही. त्या तीन ओळी लिहायला मला जेवढा वेळ लागला तेवढा बाकीच्या पानाला लागला नाही.

मोडायचं कुठे

स्वभावाला औषध नाही असं आपण उठताबसता म्हणतो, पण माणूस कुठेतरी स्वभावाच्या विरुद्ध वागतो आणि कथा तिथेच असते. यात मी आधी एकदा सपशेल आपटले आहे. एका कथेत आमच्यासारख्याच सोसायटीचा वॉचमन होता, दहा पानं एक शब्द न बोलणारा, आणि शेवटी मला जे सांगायचं होतं ते कोणीच सांगेना म्हणून मी त्याच्या तोंडी दीड पानाचं भाषण घातलं. वाचणारा प्रत्येक जण तिथेच ठेचकाळला. त्याला बोलायची गरज नव्हती, मला होती.

त्यातून मी माझ्यापुरता नियम केला तो असा. स्वभाव तीनदा दाखवायचा, तीन वेगवेगळ्या कामांत, आणि मोडायचा एकदाच. आणि मोडायचं कारण त्याच भीतीतून यायला हवं जिच्यामुळे तो स्वभाव बनलाय. बाहेरून आणलेलं कारण, अपघात, अचानक आलेलं पत्र, कोणाचं तरी आजारपण, हे चालतं पण कमी चालतं.

माळ्यावर शेवटी एक पितळेचा डबा निघतो. जुन्या भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं असतं ना, तसं झाकणावर घातलंय, ‘कु. मंदा, १९६४’. सासूबाईंचं नाव सुमती. सुनंदा म्हणते, कोणाचातरी डबा बदलून आलेला दिसतोय, कार्यात होतं असं, चौकशी करून परत द्यायला हवा. वैशाली म्हणते, मंदा कोण? एकच झाकण, एकीला त्यात हिशोबातली चूक दिसते आणि दुसरीला गोष्ट दिसते, हा एस आणि एनचा फरक मी वेगळा सांगत बसले नाही, झाकणानेच सांगितला. मग वैशाली नवऱ्याला फोन लावते, तो मामाला विचारतो, आणि कळतं की मंदा म्हणजे सासूबाईच. लग्नात नाव बदललं. माहेरचा डबा, तिने कधी वापरलाच नाही, तीस-पस्तीस वर्षं दोन सुनांना ती सुमतीच म्हणून माहीत.

आणि आता सुनंदा. जिने पळी, पंचपात्र, सांडशी, कान तुटलेलं घंगाळ, सगळं वहीत उतरवलंय, ती तो डबा वर्तमानपत्रात गुंडाळते, स्वतःच्या पिशवीत ठेवते आणि वहीत लिहीत नाही. वैशाली बघते. काही बोलत नाही, आणि वैशालीचं न बोलणं हे पण तिच्या स्वभावाच्या विरुद्धच आहे. दोघींचा टाइप एकाच क्षणी मोडतो, एक न लिहून आणि एक न बोलून. हे मी ठरवलं नव्हतं, रेघ मारलेल्या त्या पानावर दोन्ही बाजू शेजारी शेजारी होत्या म्हणून दिसलं, आणि जोडीने करा असं मी वरपासून म्हणतेय ते यासाठीच.

कडेची माणसं

प्रत्येक पात्राला एवढं करायला गेलात तर कथा दिवाळीला नाही शिमग्याला होईल. कडेच्या माणसांसाठी मी बिग फाइव्ह वापरते, संशोधनात प्रत्यक्षात हेच जास्त वापरलं जातं. त्यात टाइप नसतातच, पाच गुण असतात आणि प्रत्येक गुण कमीजास्त. नव्याबद्दलचा खुलेपणा, शिस्त, बहिर्मुखता, दुसऱ्याशी जुळवून घेणं आणि मनाची अस्वस्थता. हे पंख्याच्या रेग्युलेटरसारखं समजा, एक ते पाच. टेम्पोवाल्याला पाचही देत बसायचं नाही, एकच रेग्युलेटर टोकाला न्यायचा. माझ्या टेम्पोवाल्याची शिस्त पाचवर होती, तो पाचला येणार म्हणजे पावणेपाचला येऊन दारात हॉर्न न वाजवता उभा होता, आणि त्यामुळे सुनंदाला त्याच्याबद्दल उगाच आपुलकी वाटली. एवढंच. दोन ओळींत माणूस झाला.

अमेरिकन प्रश्न आणि आपली हळदीकुंकवं

या टेस्टा ज्या जगात बनल्या तिथले प्रश्न आपल्या पात्रांना विचारले की गंमत होते. पार्टीत अनोळखी लोकांशी ओळख करून घ्यायला आवडतं का? आता वाईच्या सासूबाईंना काय सांगायचं, पार्टी कुठली. मग मी प्रश्न इकडचे करून घेतले. हळदीकुंकवाला गेल्यावर ही कुठे बसते? आमच्याकडे अंतर्मुख बायका ओळखायची पक्की खूण आहे, त्या आल्या आल्या ‘मी काही मदत करू का’ म्हणत स्वयंपाकघरात शिरतात आणि सगळ्या निघाल्या की बाहेर येतात. सगळे म्हणतात किती कामसू! ती बिचारी गप्पांपासून पळालेली असते. पुरुषांमध्ये तोच माणूस लग्नात गाड्यांचं पार्किंग बघत उभा असतो. वाढप्यांच्या मागे मागे फिरून ‘पंगतीत मठ्ठा पोचला का’ बघणारा बहुतेक जे असतो. एसटीत शेजारच्याला कुठून आलात विचारून वाठारला उतरेपर्यंत त्याच्या भाच्याचं स्थळ काढणारा ई, आणि खिडकीला डोकं टेकून झोपल्याचं सोंग करणारी, ती मी.

शिवाय टाइप सारखा असला तरी गाव, जात, पैसा, शिक्षण, नोकरी याने त्याचं दिसणं पार बदलतं. तोच आयएसटीजे मार्केट यार्डात अडत्या असेल तर पट्टीवरचा आकडा मोठ्याने वाचून दाखवेल, बँकेत असेल तर न बोलता स्लिप परत सरकवेल, आणि पणजीत नर्स असेल तर औषधाची वेळ पेशंटच्या आईकडून दोनदा वदवून घेईल. हे वरचं कातडं टाइप देत नाही, ते तुम्हाला बघून आणावं लागतं.

आपल्याकडे या बाबतीत जुना माल पण बराच आहे. नाट्यशास्त्रातल्या अष्टनायिका घ्या, वासकसज्जा, खंडिता, कलहांतरिता, अभिसारिका वगैरे. पुष्कळ लोक त्यांना आठ प्रकारच्या बायका समजतात, पण त्या आठ अवस्था आहेत, तीच बाई सोमवारी सजून वाट बघत असते आणि गुरुवारी भांडून नंतर पस्तावत बसलेली असते. पात्राचा टाइप ठरवून झाला की मी हा प्रश्न हटकून विचारते, की आज ही कुठल्या अवस्थेत आहे. सुनंदा आयएसटीजे आहे हे खरं, पण आज ती सव्वा महिना नीट न झोपलेली आयएसटीजे आहे, म्हणून तिने वहीत पळी दोनदा लिहिलीय.

आणि दासबोधातली मूर्खलक्षणं तर लेखकांनी एकदा तरी या नजरेने वाचावीत, दुसऱ्या दशकाचा पहिला समास. तिथे विशेषणं नाहीत, कृती आहेत, हा माणूस स्वतःची स्तुती स्वतःच करतो, वडिलांची कीर्ती सांगतो, कारण नसताना हसतो. मूर्ख हे ओळीच्या शेवटी येतं, आधी तो काय करतो ते येतं. आपण उलटं करतो, आधी ‘सुनंदा शिस्तप्रिय होती’ लिहून टाकतो आणि मग पुरावे गोळा करत बसतो. ‘शिस्तप्रिय’ खोडा, वही हातात द्या. आणि हो, कथेत कुठेही इंट्रोव्हर्ट, आयएसटीजे, टाइप वन असले शब्द येऊ देऊ नका, पात्र पंचविशीतलं आणि इन्स्टावर पडीक असेल तर गोष्ट वेगळी.

तपासायचं कसं

लिहून झालं की संवादांची एक प्रिंट काढा, बोलणाऱ्याची नावं आणि ‘सुनंदा म्हणाली’ वगैरे पेनाने काळं करा आणि घरातल्या कोणाला तरी वाचायला द्या, शक्यतो ज्याला तुमच्या लिखाणाचं फारसं कौतुक नाही असा माणूस. कुठलं वाक्य कोणाचं ते त्याला ओळखू दे. दहापैकी सात बरोबर आली तरी खूप झालं. दहाच्या दहा आली तर मला उलट शंका येते, पात्रं जरा जास्तच ठळक झालीत, थोडं पुसा.

मी माझ्या आईला दिलं. तिने चष्मा लावून, भाजी निवडायचं ताट बाजूला ठेवून वाचलं, दोन सोडून सगळी ओळखली, आणि जी चुकली ती दोन्ही वाक्यं मी नंतर काढली कारण ती खरंच माझी होती. मग तिला पूर्ण कथा दिली. वाचून झाल्यावर बराच वेळ काही बोलली नाही, परत ताट ओढून गवार मोडायला लागली. मी विचारलं, कशी वाटली?

म्हणाली, “ते ठीक आहे गं सगळं. पण ते फुलपात्र सापडलं का मग?”

मी त्याचा विचारच केला नव्हता.